ताटांची चळत आणि ‘सी’मधली तात्पुरती मेमरी

मस्कतमध्ये रात्रीचे 11 वाजले की भारतात साडेबारा झालेले असतात. अशाच वेळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आणि सकाळी सबमिशन. “मामा, हा प्रोग्राम कॉलेजच्या लिनक्सवर चालतो, माझ्या विंडोज लॅपटॉपवर मात्र सुरू होताच बंद पडतो. मला हे जमणार नाही बहुतेक.” तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर आजचा भाग मुलांसोबत वाचा.

स्वयंपाकघरातली ताटांची चळत आठवा. शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. स्टॅक तसाच असतो. फंक्शन सुरू झालं की त्याचे लोकल व्हेरिएबल चळतीवर चढतात, संपलं की आपोआप उतरतात. जागा मिळते झटकन आणि आवरायची कटकट नाही. किती जागा लागेल हे प्रोग्राम चालू असतानाच कळणार असेल, तर ‘अलोका’ हे फंक्शन तेवढी जागा स्टॅकवरच देतं. ते सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये नाही, पण बहुतेक कंपायलरमध्ये मिळतं.

मग अडचण काय? चळतीला उंचीची मर्यादा असते. लिनक्सवर ती सहसा 8 एमबी असते, विंडोजवर साधारण 1 ते 2 एमबी. भाच्याच्या फंक्शनमध्ये 10 लाख ‘इंट’चा लोकल अ‍ॅरे होता. एका इंटला 4 बाइट, म्हणजे जवळपास 4 एमबी. तिकडे मावला, इकडे चळत कोसळली. पोराचं लॉजिक बरोबरच होतं!

दुसरा मार्ग हीपचा, म्हणजे ‘मॅलॉक’. हे कार्यक्रमासाठी हॉल भाड्याने घेण्यासारखं आहे. जागा नसेल तर मॅनेजर ‘नाही’ म्हणतो, म्हणजे ‘नल’ परत येतो, आणि आपण सावध होतो. काम झालं की ‘फ्री’ करून किल्ली परत करायची. ‘अलोका’ मात्र ‘नाही’ म्हणत नाही, थेट प्रोग्रामच पडू शकतो.

या चुका मोठ्यांकडूनही होतात. 2021 साली लिनक्समधल्या ‘सिस्टमडी’ या पायाभूत प्रोग्राममध्ये असाच दोष सापडला. फार लांब पाथची नक्कल स्टॅकवर केली जात होती, त्यामुळे साधा युजरही अख्खं मशीन बंद पाडू शकत होता. दुरुस्ती काय केली? ती नक्कल हीपवर नेली.

तेव्हा मुलांना तीन गोष्टी सांगा. माप लहान आणि ठरलेलं असेल तरच स्टॅक. माप बाहेरून, म्हणजे फाइलमधून किंवा युजरकडून येत असेल तर हीप. आणि ‘अलोका’ लूपमध्ये कधीच नको: ती जागा फंक्शन संपेपर्यंत सुटत नाही, चळत वाढतच जाते. त्याच कारणाने तिचा पत्ता फंक्शनबाहेर परत पाठवायचा नाही, आणि तिला ‘फ्री’ही करायचं नाही.

भाच्याने अ‍ॅरे मॅलॉकने घेतला, नल तपासला, शेवटी फ्री केला. प्रोग्राम चालला. “मामा, म्हणजे माझं चुकलं नव्हतं?” “चुकलं होतं रे, पण फक्त जागेचं. झोप आता.”