थोरल्या भावाचा प्रश्न

एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, त्यांना वाटणीचा विषय कांहीं नवा नाहीं. बाप हयात असतांना धाकट्या मुलानें आपला हिस्सा मागावा, तो घेऊन परमुलुखीं जावें, तेथें सारा पैसा उधळावा आणि अन्नाला महाग झाल्यावर पुन्हां बापाच्याच दाराशीं यावें, असें घडलें तर घरांतलीं माणसें काय म्हणतील हें सांगावयास नको. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत येशू ख्रिस्तानें नेमकी हीच गोष्ट सांगितली आहे. मुलगा मनांत क्षमेचे शब्द जुळवीत येत असतो. पण तो दुरून दिसतांच बाप धांवत पुढें जातो, त्याला पोटाशीं धरतो, त्याच्या अंगावर उंची वस्त्र घालवितो आणि मेजवानी मांडतो.

उधळ्या पुत्राचा हा दृष्टांत पुष्कळांच्या ऐकिवांत असतो. परंतु त्याचा उत्तरार्ध थोड्यांच्याच लक्षांत राहतो. थोरला भाऊ शेतांतून राबून घरीं येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि दाराबाहेरच थबकतो. इतकीं वर्षें आपण निमूटपणें कष्ट केले, कधीं आज्ञा मोडली नाहीं, तरी आपल्यासाठीं असा सोहळा झाला नाहीं, हें त्याचें शल्य. त्याची समजूत घालावयास बाप बाहेर येतो. पण थोरला आंत गेला कीं नाहीं, हें ख्रिस्तानें सांगितलेंच नाहीं. गोष्ट उंबरठ्यावरच संपते.

थोरल्याचा प्रश्न साधा आहे. अपराध्याला अशी फुकट क्षमा मिळूं लागली, तर न्याय राहिला कोठें? पाप, कृपा आणि क्षमा यांविषयींचा ख्रिस्ती विचार आम्हांस जेवढा समजला आहे, त्यावरून या प्रश्नाला तो टाळीत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या विचाराप्रमाणें पाप म्हणजे केवळ एखादें निषिद्ध कर्म नव्हे. माणसाची इच्छाच देवापासून पाठ फिरवून उभी आहे, आणि अशी वांकलेली इच्छा स्वतःच्या बळानें स्वतःला सरळ करूं शकत नाहीं. म्हणून योग्यता नसतां देव जें देतो, त्याला कृपा म्हणावयाचें. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत हें सविस्तर मांडलें आहे. पांचव्या शतकाच्या आरंभीं यावर मोठा वाद माजला. पेलाजियस म्हणे, मनुष्यानें मनावर घेतलें तर तो सदाचारानें राहूं शकतो. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पोचा धर्माध्यक्ष ऑगस्टीन म्हणे, मनावर घेण्याची शक्तिही कृपेवांचून येत नाहीं. ४१८ सालीं कार्थेजच्या धर्मसभेनें पेलाजियसचें मत त्याज्य ठरविलें.

आमच्या वाचकांना येथें दक्षिणेंतील श्रीवैष्णवांचा वाद आठवेल. वानरीचें पिलूं आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतें. मांजरीच्या पिलाला आईच तोंडांत धरून नेते. भक्त वानराच्या पिलासारखा कीं मांजराच्या, यावरून वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ झाले. ऑगस्टीनचा कल उघडच मार्जारन्यायाकडे आहे. पेलाजियस तर पिलानें आपल्याच पायांनीं चालावें असें म्हणणारा. मनुष्याच्या मनांत एकच शंका निरनिराळ्या देशीं कशी उठते, याचा हा सुंदर दाखला आहे.

परंतु तत्त्वापेक्षां माणसाची कहाणी अधिक बोलकी असते. जॉन न्यूटन हा १७२५ सालीं लंडनमध्यें जन्मला. बाप जहाजावरचा कप्तान. धर्मशील आई मुलगा सात वर्षांचा होण्यापूर्वींच वारली. तारुण्यांत तो आरमारांतून पळाला, फटके खाल्ले, आणि पुढें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याच्या पदरीं स्वतःच गुलामासारखे हाल भोगले. मार्च १७४८ मध्यें इंग्लंडला परततांना त्याचें जहाज उत्तर अटलांटिकमध्यें वादळांत सांपडलें. तासन्‌तास पाणी उपसतां उपसतां, वर्षानुवर्षें ज्याची थट्टा केली त्या देवाची दया त्यानें भाकली. जहाज कसेंबसें आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलें. तो दिवस न्यूटननें पुढें जन्मभर पाळला. १७६४ सालीं तो ओल्नी या गांवीं धर्मोपदेशक झाला, आणि १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठीं त्यानें कृपेवर जें पद रचलें, तें आज जगभर गाइलें जातें.

येथवरची कथा कीर्तनांत शोभेल अशी आहे. वाल्या कोळ्याचा वाल्मीकि झाला, तसेंच हें! परंतु मधलीं वर्षें गाळलीं तरच ती इतकी सरळ वाटते. वादळांतून वांचल्यावर न्यूटननें गुलामांचा व्यापार सोडला नाहीं. उलट १७५० ते १७५४ या काळांत तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता व त्यानें तीन सफरी केल्या. वर तो खलाशांना जमवून प्रार्थना करवी आणि खालीं तळघरांत माणसें बेड्यांत जखडलेलीं असत. वाटेंत कोणी मेलें तर रोजनिशींत नोंद होई ती नांवानें नव्हे, आंकड्यानें. एकदां बंडाचा संशय येतांच कबुलीसाठीं त्यानें मुलांच्या आंगठ्यांना पेंच लावविले. १७५४ मध्यें त्यानें समुद्र सोडला, तोही पश्चात्तापानें नव्हे, तर प्रकृति बिघडल्यामुळें. या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ सालीं, म्हणजे त्या वादळानंतर चाळीस वर्षांनीं!

मग त्या वादळांतली कृपा खोटी होती काय? थोरला भाऊ येथें पुन्हां दाराशीं उभा राहतो, आणि या वेळीं त्याची तक्रार कितीतरी अधिक खरी असते. दृष्टांतांत उधळला गेलेला पैसा बापाचाच होता. म्हणून क्षमा करण्याचा अधिकारही बापाला होता. परंतु न्यूटननें ज्यांचें आयुष्य उधळलें, तीं माणसें मेजवानीच्या दालनांत नव्हतींच. त्यांच्या वतीनें क्षमा कोणीं करावी?

या प्रश्नाची जाणीव ख्रिस्ती विचारवंतांना नव्हती असें नाहीं. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यानें १९३७ सालच्या आपल्या ग्रंथांत स्वस्त कृपेवर कडक टीका केली आहे. पश्चात्तापावांचून आणि आचरणांतील बदलावांचून मिळणारी क्षमा ही माणसानें स्वतःच स्वतःला दिलेली सवलत होय, असा त्याचा रोख आहे. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४५ मध्यें त्याला फांशी झाली. आपल्या शब्दांची किंमत त्यानें स्वतः दिली. लूकनेंच सांगितलेला जकातदार जक्कय याची कथाही हेंच दाखविते. येशू आपण होऊन त्याच्या घरीं उतरावयास गेला, ही कृपा आधीं. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलें त्यांना चौपट परत, ही जक्कयाची प्रतिज्ञा नंतर. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे. पण क्षमा मनांत खरोखर उतरल्याची ती खूण आहे.

न्यूटनच्या बाबतींत ही खूण फार उशिरां दिसली, पण दिसली. १७८५ मध्यें तरुण विल्बरफोर्स सल्ला विचारावयास आला, तेव्हां पार्लमेंट सोडूं नको असें न्यूटननें त्याला सांगितलें. पुढें वृद्धपणीं त्यानें चौकशी समितीसमोर साक्ष दिली आणि आपण स्वतः काय केलें तें लपविलें नाहीं. आपली कबुली फार उशिरां आली, हेंही त्यानें पुस्तिकेंत मान्य केलें. मार्च १८०७ मध्यें ब्रिटिश साम्राज्यांत गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन वारला. मात्र १८३३ च्या कायद्यानें प्रत्यक्ष गुलामगिरी उठली, तेव्हां दोन कोटि पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना एक पैही नाहीं. राष्ट्रानें स्वतःला स्वस्त क्षमा करून घेतली, असेंच म्हणावें लागेल.

आपल्या घरांतही हे प्रसंग येतात. बोलाचाली बंद झालेला भाऊ कार्याच्या निमित्तानें परत येतो, वडीलधारीं माणसें झालें गेलें विसरून जा म्हणतात, आणि ज्या वहिनीनें मधलीं दहा वर्षें सारें ओझें वाहिलें तिला कोणी विचारीतही नाहीं. दृष्टांतांतला बाप असा नाहीं. तो धाकट्याला सामोरा धांवत जातो, तसाच थोरल्यासाठींही मेजवानी सोडून अंगणांत येतो. ज्या घरांत ही दुसरी फेरी होते, तेथें क्षमा न्यायाची वैरीण ठरत नाहीं. ती झाली नाहीं, तर थोरला अजूनही बाहेरच उभा आहे असें समजावें.