बरोबरीत सुटलेला डाव

आमच्या गावच्या स्पर्धेत साठी ओलांडलेले दोन खेळाडू चार तास खेळले आणि हात मिळवून उठले. शेजारच्या मुलाने मला विचारले, "चाचा, कोण जिंकलं?" मी म्हटले, "कुणीच नाही." "मग एवढा वेळ काय केलं?"

काय केले ते सांगतो. शेवटी पांढऱ्याकडे एक उंट आणि दोन प्यादी होती. काळ्याकडे फक्त घोडा. हरलेलाच डाव! पण काळ्याने घोडा देऊन मधले प्यादे मारले आणि एकटा राजा कोपऱ्याकडे पळवला. पांढऱ्याचे उरलेले प्यादे उजव्या कडेचे. ते जिथे वजीर होणार ते कोपऱ्यातले घर काळे आणि उंट पांढऱ्या घरांचा. तो उंट त्या घरावर जन्मात शह देऊ शकत नाही. राजा कोपऱ्यात बसला की हुसकावता येत नाही. फार जवळ जावे, तर कोंडी होते. म्हणजे शह नाही, पण हलायलाही जागा नाही. आज ही कोंडी बरोबरी धरतात. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये मात्र कोंडी करणाराच हरला असे मानत. उर्दूत 'बुर्द' असा एक शब्द आहे. एकटा राजा उरला की अर्धा डाव. मला तो हिशेब आवडतो.

अशा डावांतला उस्ताद म्हणजे रशियाचा वासिली स्मिस्लॉव्ह, एकेकाळचा जगज्जेता. गळाही उत्तम, ऑपेरात गाण्याची हौस. १९८३ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, ऑस्ट्रियातल्या फेल्डन गावी त्याची चौतिशीतल्या रॉबर्ट ह्यूबनरशी लढत झाली. दहा डाव बरोबरीत, जादा चार डाव खेळूनही ७-७. मग निकाल चक्क कॅसिनोतल्या रूलेटच्या चाकावर लावला! चाक स्मिस्लॉव्हच्या बाजूने फिरले. पुढे १९८४ मध्ये आव्हानवीर ठरवणाऱ्या अंतिम लढतीत तो तरुण कास्पारोव्हकडून हरला. १९९१ ची पहिली जागतिक ज्येष्ठ स्पर्धा मात्र त्यानेच जिंकली. तेव्हा ज्येष्ठ म्हणजे साठीचे. २०१४ पासून पन्नाशीचाही गट आहे, म्हणजे आता मीही ज्येष्ठच.

मुलाला एवढे सांगेपर्यंत ते दोघे पुन्हा पटाशी बसले होते. पांढरी मोहरी खेळलेले गृहस्थ घोडा आणि मधले प्यादे जागेवर ठेवून विचारत होते, "हे प्यादं आधीच पुढे ढकललं असतं तर?"