समाजमाध्यमांवरील शिक्षक आणि औचित्याचा प्रश्न

'प्रोफेशनलिझम'साठी आपण 'व्यावसायिकता' हा शब्द वापरतो. पण त्याला दुकानदारीचा थोडा वास येतो. साहित्याच्या शिक्षकाला त्याहून जवळचा शब्द अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्राच्या 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात सापडतो. काव्यातील औचित्याची २७ स्थाने त्याने सांगितली. त्यांत पद आणि वाक्य यांच्याबरोबर देश, काल, अवस्था हीही आहेत.

गावात हे औचित्य कोणी न शिकवता पाळले जाते. सर्वणच्या देवळाच्या मंडपात बसलेला, डिचोलीच्या बाजारात मासळीवालीशी घासाघीस करणारा आणि वर्गात शिकवणारा शिक्षक एकच असतो, पण त्याची भाषा तिन्ही ठिकाणी वेगळी असते. ऐकणारा समोर असल्यामुळे जीभ आपोआप सांभाळली जाते. फेसबुकवर मंडप, बाजार आणि वर्ग एकाच वेळी ऐकत असतात, वर प्राचार्य आणि व्याहीही!

याचा अर्थ शिक्षकाने मौन पाळावे असा नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते 'लाइक' केले आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर ज्याला आव्हान दिले गेले ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. नागरिक म्हणून शिक्षकाला मत आहे आणि ते त्याने जरूर मांडावे. माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे.

परीक्षांच्या दिवसांत उत्तरपत्रिकांतील 'विनोदी' उत्तरांची छायाचित्रे शिक्षकच फिरवतात. नाव झाकले आहे, असे समर्थन केले जाते. मोठ्या शहरात ते कदाचित खपेल. डिचोली तालुक्यातील महाविद्यालयात मराठीच्या वर्गात मुले मोजकी असतात, सर्वण-कारापूरकडची मुले बालवाडीपासून एकमेकांचे अक्षर ओळखतात. संध्याकाळपर्यंत नाव घरोघर पोचते. 'सर्वांसाठी डिलीट' करण्यास व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये सात मिनिटे दिली होती, आता दोन दिवसांहून अधिक मिळतात. स्क्रीनशॉटला मात्र एक क्षण पुरतो.

आणि हसतो तरी कशाला? बहुधा मराठी वाक्यात आलेल्या 'म्हाका' किंवा 'आयज' या शब्दांना. ते अज्ञान नव्हे. घरी कोकणी बोलून मराठीत लिहिणाऱ्या मुलाची ती स्वाभाविक सरमिसळ आहे. मराठीचे विद्यार्थी घटत असल्याची चिंता आपण परिसंवादांतून करतो, आणि जो एक जण मराठी घ्यायला धजावला त्याचे वाक्य चव्हाट्यावर मांडतो. तो मुलगा पुढच्या परीक्षेत चुका टाळण्यासाठी चार ओळींतच उत्तर संपवतो. वर्गात हात वर करणे तर सोडूनच देतो.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाचेही असेच आहे. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. गोवाही त्याच उच्च न्यायालयाखाली येतो. पण शिक्षक ॲडमिनची जबाबदारी न्यायालयाने मोजलेली एवढीच नसते. माझ्या गटावर वेळापत्रक आणि सूचना एवढेच जाते. गुण ज्याचे त्याला सांगतो. चुकलेले वाक्यही त्यालाच, उत्तरपत्रिका समोर ठेवून दाखवतो. 'म्हाका'वर काट मारत नाही; शेजारी पेन्सिलीने 'मला' लिहितो.