जंजिऱ्याला ‘असौ’ का म्हणायचे?

मुरुडजवळ राजपुरीच्या धक्क्याला जंजिऱ्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या लागतात. होडीत पाय ठेवणारा मराठी माणूस म्हणेल : ही होडी, हा किनारा, तो जंजिरा आणि डोंगरांपलीकडचा तो रायगड. जंजिरा डोळ्यांसमोर आहे, रायगड इथून दिसतही नाही. तरी दोघेही ‘तो’च.

संस्कृत वैयाकरणांना एवढी ढिलाई मंजूर नव्हती. पाठशाळांतून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या एका जुन्या श्लोकात चार दर्शक सर्वनामांची वाटणीच करून दिली आहे. जवळच्या वस्तूला ‘इदम्’, अगदी लगतच्या वस्तूला ‘एतद्’, लांबच्या वस्तूला ‘अदस्’ आणि नजरेआडच्या वस्तूला ‘तद्’. त्या हिशेबाने पायाखालची होडी ‘एषा नौका’, किनारा ‘इदं तीरम्’, पाण्यातला जंजिरा ‘असौ दुर्गः’ आणि रायगड ‘स गिरिः’. मूळ रूप ‘सः’. पुढे व्यंजन आले की त्याचा विसर्ग गळतो. ‘एषः’चेही तसेच.

विद्यार्थ्यांचा घाम काढतात ती ‘इदम्’ आणि ‘अदस्’ची रूपे. ‘अयम्’ म्हणून सुरुवात करावी, तर द्वितीयेत ‘इमम्’, तृतीयेत ‘अनेन’, चतुर्थीत ‘अस्मै’. एकाच शब्दाने एवढी सोंगे घ्यावीत! ‘असौ’ पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हीकडे चालतो, पण पुढच्या विभक्तींत ‘अमुम्’, ‘अमुना’, ‘अमुष्य’ होतो. त्याच्या ‘अमी’ आणि ‘अमू’ या रूपांसाठी पाणिनीला वेगळे सूत्र करावे लागले. पुढे स्वर आला तरी त्यांचा संधी होत नाही.

प्रत्यक्ष साहित्यात ही वाटणी काटेकोर राहिली नाही. ‘इदम्’ आणि ‘एतद्’ पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. ‘तद्’ तर अंतर सोडून भलतीच कामे करतो. तो आधी उल्लेखलेल्या गोष्टीकडे वळतो, ‘यद्’शी जोडी जमवतो, ‘तो सर्वांना ठाऊक असलेला’ असेही सुचवतो.

तरीही नेमका शब्द कसा बसतो, ते शिवाजी महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेत पाहावे. मुद्रा स्वतःचा उल्लेख ‘एषा’ असा करते. त्या जागी ‘इयम्’ घातले असते, तरी अनुष्टुभाचे एकही अक्षर बिघडले नसते. पण मुद्रेचा ठसा कागदावर, वाचणाऱ्याच्या अगदी हातात; वरच्या श्लोकाच्या मापाने तिला ‘एषा’च शोभते.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळातला शिलालेखही संस्कृतातच आहे. शके 1596 म्हणजे इसवी सन 1674 चा. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे बांधकाम उभे राहो, असे म्हणताना त्यात ‘यावत्’ आणि ‘तावत्’ येतात. ते ‘यद्’ आणि ‘तद्’ यांचेच वंशज. गड बांधणाऱ्या हिरोजीच्या नावाची मराठी ओळ तिथल्याच पायरीवर कोरलेली आहे. तिच्यातला ‘तत्पर’ही ‘तद्’च्याच घरचा.

बोलीत ‘अदस्’नेही तग धरला, तो ‘अमुक’च्या रूपाने. संकल्प सांगताना गुरुजी ‘अमुक गोत्र’ म्हणतात, ते यजमानाने तिथे आपले गोत्र घालावे म्हणून. गोंधळलेला यजमान मान डोलावत ‘अमुक गोत्र’ असेच म्हणून मोकळा होतो.