ऐकीव अंतरांची शहानिशा

संगणकांच्या जाळ्यात एका ठिकाणाहून निघालेले पॅकेट दूरच्या मुक्कामी पोहोचते ते वाटेतल्या राउटर नावाच्या यंत्रांच्या मार्गदर्शनावर. परंतु ‘डिस्टन्स व्हेक्टर’ पद्धतीने चालणाऱ्या जाळ्यात यांपैकी एकाही यंत्राजवळ संपूर्ण जाळ्याचा नकाशा नसतो, ही गोष्ट ज्याने मनात ठसवून घेतली नाही त्याला तेथील बिघाडाचा उलगडा होणे कठीण. असा राउटर ओळखतो ते केवळ आपल्या लगतच्या शेजाऱ्यांना. अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे, असे शेजारी कळवतो. राउटर त्यात आपला एक टप्पा मिळवतो, ज्याच्याकडून सर्वांत लहान आकडा आला त्याच्या नावे आपल्या तक्त्यात नोंद करतो, आणि तोच आकडा पुढे रवाना करतो. शेजाऱ्याला ही खबर मुळात कोणाकडून मिळाली, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. बिघाडाच्या तपासाचे बहुतेक सारे शास्त्र, माझ्या मते, या एकाच उणिवेतून निघते.

या पद्धतीमागचे गणित रिचर्ड बेलमन व लेस्टर फोर्ड यांनी १९५०च्या दशकात मांडले, आणि १९६९मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अर्पानेटने आरंभी तिचाच अंगीकार केला. सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात हार्वर्ड येथील मार्गदर्शक यंत्राच्या स्मृतीत दोष उत्पन्न झाला आणि सर्व ठिकाणांचे अंतर आपल्यापासून शून्य आहे, अशी वर्दी ते शेजाऱ्यांना देऊ लागले. शून्याहून लहान आकडा कोणापाशीच नसल्यामुळे दूरदूरच्या यंत्रांनी आपापली पॅकेटे हार्वर्डच्या दिशेने लोटली व ती तेथे गडप झाली. बाकीचे एकही यंत्र नादुरुस्त नव्हते. प्रत्येकाने खोट्या खबरीवर नियमाबरहुकूम अंमल केला होता. जेथून तक्रार येते तेथील यंत्र उघडून बसण्यापूर्वी, त्याच्या तक्त्यातली नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली आहे हे पाहावे आणि तोच प्रश्न घेऊन पुढच्या यंत्राकडे जावे, हा तपासाचा क्रम अशा अनुभवांतूनच सिद्ध झाला.

अर्पानेटने १९७९मध्ये ही पद्धत टाकली खरी, तथापि लहान जाळ्यांत ती टिकून राहिली. चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८मध्ये जिचे नियम लेखनिविष्ट केले ती ‘रिप’ हे तिचे सर्वांत परिचित रूप होय. तीत प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपला तक्ता शेजाऱ्यांना कळवतो, १८० सेकंदांत ज्याची वार्ता आली नाही तो मार्ग बाद समजतो, आणि १६ टप्पे म्हणजे अनंत अंतर, अर्थात वाट बंद, असे मानतो.

आता अ, ब आणि क हे तीन राउटर एका ओळीत जोडलेले आहेत अशी कल्पना करावी. क ला लागून असलेले एक नेटवर्क क च्या हिशेबी १, ब च्या २ आणि अ च्या ३ टप्प्यांवर आहे. ब आणि क यांच्यामधील तार तुटते. ब आपली नोंद खोडतो. पण ही बातमी अ पर्यंत जाण्याच्या आत अ चा नेहमीचा तक्ता येऊन थडकतो, आणि त्यात ते नेटवर्क ३ टप्प्यांवर असल्याचे नमूद असते. अ चा हा मार्ग ब मधूनच जात होता, हे ब ला कळणार कसे? तो अ च्या नावे ४ ची नोंद करतो. ते ऐकून अ आपला आकडा ५ करतो, मग ब ६, अ ७, अशी चढती मोजणी १६ येईपर्यंत चालते. एवढ्याला तीन मिनिटांच्या आसपास अवधी लागतो, आणि त्या अवधीत त्या नेटवर्ककडे निघालेले प्रत्येक पॅकेट अ कडून ब कडे व ब कडून अ कडे फेकले जात आपले आयुष्य संपवते.

हा दोष चालू असतानाच पकडावा लागतो. ‘ट्रेसरूट’ ही आज्ञा दिली असता वाटेतल्या यंत्रांचे पत्ते क्रमाने उमटतात. त्यांत तेच दोन पत्ते आलटून पालटून येऊ लागले की फेरा पडला, हे निश्चित समजावे. त्याच वेळी तक्ता थोड्या थोड्या अंतराने दोनदा पाहिला, आणि त्याच नेटवर्कासमोरचा आकडा ६ वरून ८ वर गेलेला दिसला, तर अनंताकडे चाललेली मोजणीच आपल्या डोळ्यांसमोर आहे. ज्या शेजाऱ्याकडून मार्ग शिकला त्यालाच तो परत सांगू नये, किंवा सांगायचाच तर १६ हा आकडा लावून सांगावा, आणि वाट तुटताच ३० सेकंदांची मुदत न पाहता तत्काळ वर्दी द्यावी, हे उपाय हेड्रिक यांच्या दस्तऐवजात दिलेलेच आहेत. दोन राउटरांमधला फेरा त्यांनी मोडतो. तिघांचे वर्तुळ असेल तर मात्र एकमेकांची दिशाभूल अजूनही संभवते, म्हणून १६ ची मर्यादा काढून टाकता येत नाही. शेजाऱ्याची वार्ता मुळीच येत नसेल, तर दोन्ही बाजूंस ‘रिप’ची एकच आवृत्ती चालू आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

याहून गूढ प्रकार १९९२मध्ये आढळला. बर्कलीहून एमआयटीकडे सेकंदागणिक एक याप्रमाणे पाठवलेल्या चाचणी-पॅकेटांपैकी काही, साधारण दर ९० सेकंदांनी, हरवत होती. तार शाबूत, तक्ते बिनचूक. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन (‘ट्रेसरूट’ही याच जेकबसनांचे) यांनी हानीचा काळ मोजला, तेव्हा तो वाटेतल्या राउटरांच्या तक्ते पाठवण्याच्या मुदतीशी जुळला. प्रत्येक राउटर आपल्या घड्याळावर चालत असूनही एकाचे तक्ते वाचण्यात दुसऱ्याचा वेळ मोडे, त्याची पुढची पाळी तेवढी सरके, आणि हळूहळू सर्वांच्या पाळ्या एकाच क्षणी येऊन ठेपत. त्या क्षणी तक्त्यांच्या वाचनात गुंतलेली यंत्रे आलेली पॅकेटे पुढे पाठवू शकत नसत. कोणाच्याही मनात नसलेला हा मेळ त्या दोघांनी १९९३मध्ये गणिताने सिद्ध करून दाखवला, याबद्दल मला विलक्षण आदर वाटतो. त्यांनी सुचवलेला उपाय असा, की तक्ता पाठवण्याच्या मुदतीत प्रत्येक वेळी यदृच्छेने थोडा फरक करावा आणि तो पुरेसा मोठा ठेवावा, कारण अल्पशा फरकाने विखुरलेल्या पाळ्या कालांतराने पुन्हा एकत्र येतात.