बारा आकडे आणि दहा बोटे

सायकलच्या कुलपाची किल्ली हरवली तर तुम्ही काय करता? घरी थोडी बोलणी खाता आणि नवे कुलूप आणता. पण तुमचे नाव साऱ्या गावाला कळले तर? त्यात घाबरण्यासारखे काहीच नाही. नाव सांगायचे असते, किल्ली जपायची असते. मग आता सांगा, अंगठ्याचा ठसा हे आपले नाव आहे की किल्ली?

हा प्रश्न गमतीचा वाटला तरी तो आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तेव्हापासून आजवर १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. अगदी लहान मुले सोडली, तर प्रत्येकाचे दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र एका मध्यवर्ती माहितीकोशात साठवलेले असते.

प्रथम क्रमांकाचा विचार करू. तो बारा आकडी असतो. त्याचा पहिला आकडा ० किंवा १ नसतो. शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर या शेवटच्या आकड्यावरून चूक ताबडतोब पकडता येते. व्हरहूफ या डच गणितज्ञाने ही युक्ती १९६९ साली मांडली. म्हणजे शक्य असलेले क्रमांक एकूण ८ × १०¹⁰, अर्थात ८,००० कोटी. त्यांतले १३० कोटी दिले गेले. तेव्हा या नियमांत बसणारा कोणताही क्रमांक तुम्ही मनाने लिहिलात, तर साधारण साठांत एकदा तो कोणाचा तरी निघेल! एवढ्या सहज जे सापडते, ते किल्लीचे काम कसे करणार? क्रमांक हे एक नाव आहे, इतकेच.

ठसे जुळतात म्हणजे काय?

आता बोटांकडे वळू. कोणाच्या बोटांवर किती शंख आणि किती चक्रे, हे पाहण्याचा आजीचा छंद तुम्हांला ठाऊक असेल. यंत्र याहून बारीक पाहते. बोटावरच्या रेषा कोठे संपतात आणि कोठे फुटून एकीच्या दोन होतात, अशा बिंदूंच्या जागा व दिशा ते टिपून घेते.

प्रयोगशाळेत स्क्रूगेजने एकाच तारेची जाडी दहा वेळा मोजली, तर दहाही वाचने हुबेहूब सारखी येत नाहीत. ठशाचेही तसेच आहे. बोट कधी जोरात टेकते, कधी तिरके, कधी ते ओले असते. त्यामुळे आजचा ठसा आणि नोंदणीच्या दिवशीचा ठसा तंतोतंत एक कधीच नसतो. यंत्र त्यांचे साम्य मोजते. ते ठरावीक उंबरठ्याच्या वर गेले, की यंत्र ‘होय’ म्हणते.

हा उंबरठा कोठे ठेवायचा? खाली ठेवला तर परक्याचा ठसाही जुळेल. वर ठेवला तर खरा माणूसच बाहेर राहील. आमच्या गल्लीत धुणीभांडी करून संसार उभा केलेल्या एक मावशी आहेत. साबण आणि राखेने त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशनच्या दुकानात त्यांनी चार वेळा अंगठा टेकला आणि चारही वेळा यंत्र ‘नाही’ म्हणाले. मावशी खऱ्या होत्या, यंत्रही बिघडलेले नव्हते. ठसा जुळला नाही एवढ्यावरून कोणाला धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, अशा सूचना सरकारने २०१७ साली दिल्या, त्या याचसाठी.

एक हिशेब करून पाहा. समजा, एका बोटाचा ठसा परक्या ठशाशी चुकून जुळण्याची शक्यता एक कोटीत एक आहे. नव्याने नोंदणी करणाऱ्याची तुलना आधीच्या १३० कोटी लोकांशी केली, तर १३० जण चुकून जुळतील. म्हणून तर दहा बोटे आणि दोन्ही बुबुळे लागतात.

पीठ आणि दाणे

संगणकाचा परवलीचा शब्द चांगल्या व्यवस्थेत जसाच्या तसा साठवत नाहीत. तो गणिताच्या जात्यात दळून त्याचे ‘पीठ’ तेवढे ठेवतात. तुम्ही पुन्हा शब्द दिला, की तोही दळून पीठ पिठाशी ताडून पाहतात. पीठ चोरीला गेले तरी त्यापासून दाणे परत करता येत नाहीत. पण या जात्याचा एक गुण असा, की दाण्यात यत्किंचित फरक पडला तरी पीठ पार वेगळे निघते. ठसे तर दर वेळी थोडे वेगळे! म्हणून ही साधी युक्ती ठशांना लागू पडत नाही. माहितीकोशात तुलना करता येईल असे काहीतरी ठेवावेच लागते. ते सांकेतिक रूपात, कडेकोट बंदोबस्तात ठेवतात. पण ठेवावे लागते खरे.

ठशाचा प्रवासही बंद पेटीतून होतो. यंत्र ठशाचा तपशील एका तात्पुरत्या, २५६ बिटांच्या किल्लीने बंद करते. ती किल्ली पुन्हा २,०४८ बिटांच्या दुसऱ्या कुलपात ठेवून पाठवते. हे दुसरे कुलूप टपालपेटीसारखे आहे. आत पत्र कोणीही टाकावे, पण पेटी उघडण्याची किल्ली एका टपालखात्याकडेच. साध्या पडताळणीत माहितीकोशाकडून उत्तर येते ते केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. ही रचना मोठी समंजस आहे.

मग धोका कोठे आहे? तो आहे पेटीच्या बाहेर. आपण पेल्यावर, दारावर, कागदावर ठसे ठेवतच फिरतो. जपानमधील योकोहामा येथे मात्सुमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली जिलेटिनची बोटे बनवून ठसे वाचणारी अनेक यंत्रे फसवून दाखवली. २०१८ साली हैदराबादेत जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून रबरी ठसे बनवून मोबाइलची सिमकार्डे चालू केल्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला. अमेरिकेत २०१५ साली सरकारी कर्मचाऱ्यांच्या माहितीवर दरोडा पडला, तेव्हा सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरांच्या हाती लागले. परवलीचा शब्द फुटला तर तो बदलता येतो. बोटे कशी बदलणार? म्हणजे ठसा चुकून जाहीर होतो नावासारखा, आणि आपण त्याला वापरतो किल्लीसारखे. सारी अडचण येथे आहे. बोट जिवंत आहे की रबरी, हे तपासण्याची सोय म्हणूनच यंत्रांत करावी लागली.

सुरक्षितता आणि खाजगीपण

या दोन गोष्टी एक नव्हेत. तिजोरी फुटली नाही, तरी खाजगीपण जाऊ शकते. एकच क्रमांक बँकेत, दवाखान्यात आणि फोनला जोडला, तर तीन वेगळ्या वह्या कोणालाही एका दोऱ्यात ओवता येतील. २०१७ साली सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लोकांची नावे आणि आधार क्रमांक उघड्यावर आढळले. मुख्य तिजोरी तेव्हा फुटलेली नव्हती.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने आधार योजना वैध ठरवली. मात्र पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवू नयेत, असे बजावले. खऱ्या क्रमांकाऐवजी देता येणारा, हवा तेव्हा बदलता येणारा सोळा आकडी आभासी क्रमांकही २०१८ सालीच आला. आपले ठसे वापरले जाऊ नयेत म्हणून त्यांना स्वतः कुलूप घालण्याची सोयही आहे. घरच्या मोठ्या माणसांना ती दाखवून द्या.

शेवटी एक प्रयोग. कागदावर मऊ पेन्सिल भरपूर घासा. त्यावर अंगठा फिरवा, अंगठ्यावर चिकटपट्टी लावून ती पांढऱ्या कागदावर चिकटवा. असे दोन ठसे घ्या आणि भिंगाखाली रेषांची टोके व फाटे मोजा. दोन्ही ठशांत किती बिंदू जुळले? ‘होय’ म्हणायला तुम्ही किती बिंदू पुरेसे मानाल? वर्गात यावर वाद घाला. आणि प्रयोग संपला की तो कागद फाडून टाकायला विसरू नका.