बिटौडा रचताना

हरियाणात पाऊस जूनच्या अखेरीस येतो. आमच्या माणदेशासारखं मृगाकडे डोळे लावून बसणं इथे नाही. तरी गोवऱ्या रचायची दादीची घाई मे महिन्यातच सुरू होते, कारण तिला पावसापेक्षा आंधीची धास्ती जास्त. राजस्थानकडून धुळीचा लोट उठतो, अंगण, गोठा, वाळत घातलेले कपडे सगळं पिवळं करून जातो आणि जाता जाता चार टपोरे थेंब टाकतो. अर्धवट वाळलेल्या गोवरीचा घात करायला तेवढे थेंब पुरतात. वरून ती खडखडीत दिसते, पोटात ओल धरून बसते, आणि राशीत गेली की शेजारच्या दहा जणींना बुरशी लावते.

दादीचं गाव गुरुग्रामहून फर्रुखनगरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, सुलतानपूरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पुढे. दादीचा मुलगा आमच्या सोसायटीत म्हशीचं दूध घालतो. त्या ओळखीवर मी तिच्या गितवाडात जाऊन बसते. गितवाड म्हणजे गोवऱ्या थापायची, वाळवायची आणि साठवायची राखीव जागा. पुरुषमाणूस तिकडे सहसा फिरकत नाही. बायका मात्र तिथे हात शेणात असतानाच सुना, सासवा, जमिनीचे सौदे आणि कुणाच्या लेकीला कुठे दिलं, हे सगळं निकालात काढतात.

माझ्या माहेरी गोवऱ्यांचा हुडवा असायचा. रास करायची, वर बाजरीचं सरमाड टाकायचं, दोन दगड ठेवायचे, झालं. आमच्याकडे पाऊसच बेताचा, त्यामुळे त्यापेक्षा जास्त उस्तवार कुणी केली नाही. इथला बिटौडा ही मात्र इमारत आहे. आधी उंचवट्याची जागा बघायची, म्हणजे पाणी बुडाशी साचणार नाही. खाली विटांचे तुकडे आणि गेल्या वर्षीच्या मोडक्या गोवऱ्या पसरायच्या. मग बाहेरची भिंत. गोवरी आडवी ठेवायची नाही, कडेवर उभी करून किंचित आत झुकवायची. दुसरी तिच्या अर्ध्या अंगावर रेलून. अशी सगळी रांग एकमेकीच्या आधाराने उभी राहते. थर चढत जातो तशी भिंत आत आत येते. मधली पोकळी मात्र कशीही भरतात: तुटक्या, वेड्यावाकड्या, नातवंडांनी थापलेल्या गोवऱ्या तिथे खपतात. भिंतीला लागणारी गोवरी दादी स्वतः निवडते. हातात घेते, नखाने टिचकी मारते, आवाज ऐकते. बद्द आवाज आला की ती गोवरी पुन्हा उन्हात.

डोक्याच्या वर उंची गेली की एक सून स्टुलावर चढते आणि खालून दुसरी गोवऱ्या फेकते. झेलताना एखादी हुकली की दादीची शिवी ठरलेली. माथा निमुळता होत उलट्या होडीसारखा मिटतो. मग लिंपण. ओलं शेण, माती आणि गव्हाचं भुसकट एकत्र मळून पहिला जाड हात, तो सुकला की दुसरा पातळ. त्या पातळ थरावर, तो ओला असतानाच, बोटांनी नक्षी ओढायची. धाकट्या सुनेने मोडक्या फणीने माशाच्या काट्यासारख्या रेघा ओढल्या. दादीने तिच्या शेजारी बोटांनी मोर काढायला घेतला आणि शेपटीपाशी जागा संपली. तसाच ठेवला. शेवटी वर सरकंड्याचं गवत शाकारून दोरीने आवळायचं. मग पाऊस कितीही पडो, आतली गोवरी कोरडी. लागेल तशी काढायला बुडाशी एका अंगाला भोक पाडतात आणि त्यात हात घालायच्या आधी काठी घालतात. पावसाळ्यात तिथे ऊब असते आणि ती विंचवा-सापांनाही ठाऊक असते.

थापायचं काम मला येतं, हे दादीला सांगावं लागलं नाही. मी पाटीतून गोळा उचलला, भुसकटात लोळवला आणि जमिनीवर आपटला, तेव्हा तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाली, “ही शहरातली नाही.” आमच्या घरी सकाळी शाळेच्या आधी गोठा माझा. खराट्याने गोठा झाडायचा, शेणाचे पो पाटीत भरायचे, पाटी डोक्यावर घेऊन परड्यात जायचं. थंडीत ताजं शेण हाताला बरं वाटायचं, ही गोष्ट गोठ्यात न राबलेल्या माणसाला पटत नाही. सुट्टीत म्हशींमागे जाऊन रानशेणी वेचायच्या. त्या हलक्या, चटकन पेटणाऱ्या. आई त्या चहापुरत्या वेगळ्या ठेवायची. राखेने कितीही हात घासले तरी नखांत वास राहायचा, आणि वर्गातल्या बाजारपेठेतल्या मुली नाकाला पदर लावल्याचं नाटक करायच्या. मला त्याचा राग यायचा, पण लाज शेणाचीच वाटायची. कॉलेजात गेल्यावर कित्येक वर्षं मी गोठ्याचा विषय काढला नाही.

दादीला लाजेचा हा प्रकार ठाऊक नाही. तिचं माहेर आजच्या गोल्फ कोर्स रोडच्या कडेला होतं. तिच्या लहानपणी तिथे बाजरी, हरभरा आणि मोहरी. अरवलीच्या उतारावर शेळ्या, आणि गावाबाहेर जोहड, म्हणजे म्हशी डुंबायचा तलाव. तिच्या आठवणी पीकपाण्याच्या कमी, कामाच्या जास्त. कुठल्या विहिरीचं पाणी खारं होतं आणि त्यामुळे किती लांब जावं लागायचं. जानेवारीच्या धुक्यात गोवऱ्या वाळायच्या नाहीत म्हणून त्या दोन-दोन टेकवून तंबूसारख्या कशा उभ्या करायच्या. तिच्या आईच्या गोवरीवर करंगळीचा ठसा उमटत नसे, बोट लहानपणी चारा कापताना गेलं होतं. त्यामुळे होळीला पोरांनी गोवऱ्या चोरल्या की चोर लगेच सापडायचे. होळीच्या चोऱ्या आमच्याकडेही व्हायच्या, पण पुरावा इतका पक्का नसायचा.

सणांचं म्हणाल तर शेण दोन्हीकडे सारखंच मानाचं. होळीला इथल्या बायका शेणाच्या भोकाच्या चकत्या करतात, दोरीत ओवून होळीला वाहतात. नवरात्रात भिंतीवर सांझी: मातीच्या चांदण्या, मातीचे दागिने, सगळं शेणाने चिकटवलेलं. मी तिला आमच्या दिवाळीतल्या शेणाच्या गवळणी सांगितल्या, डोक्यावर घागर घेतलेल्या, पाडव्याच्या. तिने त्या गितवाडातच करून दाखवायला लावल्या. माझी गवळण बसली ती घागरीच्या वजनाने पुढे कलंडूनच.

या कामावर गुरुग्राममध्ये सरकारची नजर फार जुनी आहे. 1920 च्या दशकात फ्रँक ल्युगार्ड ब्रेन हा इंग्रज अधिकारी इथला डेप्युटी कमिशनर होता. त्याने गुडगाव जिल्ह्यात ग्रामसुधारणेचा मोठा प्रयोग केला. सुधारित बियाणं, जातिवंत वळू, आणि शेणासाठी खोल खड्डे. शेण जाळणं म्हणजे शेताचं खत चुलीत घालणं, आणि बाईने दिवस गोवऱ्या थापण्यात घालवणं म्हणजे तिची विटंबना, असं त्याचं म्हणणं. 1929 च्या ‘द रीमेकिंग ऑफ व्हिलेज इंडिया’ या पुस्तकात त्याने सगळा प्रयोग मांडला. खताबद्दल तो खरा होता. शेण जाळलं की त्यातला नत्र गेला. पण खड्ड्यात शेण घातलं तर चुलीत काय घालायचं, हा प्रश्न ज्या बाईला रोज पडायचा तिला त्या प्रयोगात फारसं विचारलेलं दिसत नाही. त्याची बदली झाली आणि लोक पुन्हा जुन्या वाटेने चालू लागले.

दादीच्या स्वयंपाकघरात आज गॅस आहे. उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाली, पण या घरात सिलिंडर त्याच्या खूप आधी आला होता. पोळ्या, चहा, भाजी त्यावर. अंगणात मात्र हारा धुमसत असतो, म्हणजे मातीची मोठी शेगडी. त्यात गोवऱ्यांचा आर ठेवून वर दुधाचं मडकं चढवतात आणि झाकतात. दूध दिवसभर उकळत नाही, नुसतं तापत राहतं, संध्याकाळी त्याला तांबूस रंग येतो आणि बोटभर जाड साय धरते. त्याच आरावर म्हशींचं सरकीचं आंबोणही शिजतं. हे काम गॅसवर करायचं तर सिलिंडर किती दिवस पुरेल, याचा हिशेब दादी एका वाक्यात संपवते. तिच्या फुफ्फुसांचा हिशेब मात्र ती काढत नाही. चुलीपाशी गेलेल्या वर्षांचा खोकला तिला आहे, आणि मी त्याबद्दल बोलले की ती तो धुळीवर ढकलते.

आमच्याकडे म्हातारपण सांगताना गोवऱ्या मसणात गेल्या म्हणतात, असं मी तिला एकदा सांगितलं. ती मनापासून हसली. “माझ्या मीच थापून ठेवणार,” म्हणाली, “सुनांनी थापलेल्यांत ओल राहते.”

यंदा गितवाड अर्धं झालं आहे. उरलेल्या अर्ध्यात मुलाने भाड्याच्या खोल्या काढल्या. मानेसरच्या कारखान्यांत जाणारी मुलं तिथे राहतात. बिटौडे चाराचे दोन झाले. पण गोवरीला गिऱ्हाईक वाढलं. सेक्टरांतल्या लोकांना होम-हवनाला, होळीला गोवऱ्या लागतात, आणि गाड्या घेऊन ते इथवर येतात. मी बसले होते त्या दिवशी एक जोडपं आलं. बाईंना गोवरी देशी गायीची हवी होती, शुद्ध. दादीच्या गोठ्यात चारही म्हशी मुऱ्हा. तिने ते सरळ सांगितलं. बाई नवऱ्याकडे बघू लागल्या, नवरा मोबाइलमध्ये. फोनवर कुणा गुरुजींना विचारणं झालं. गुरुजींनी काय सांगितलं कळलं नाही, पण त्यांनी डझनभर घेतल्या. दादीने भाव दुप्पट लावला, पैसे मोजले, ओढणीच्या टोकाला गाठ मारली आणि सुनेला बजावलं की हे मुलाच्या दुधाच्या वहीत मांडायचे नाहीत.